परप्रांतातून आलेले दत्तक मूल घरात रुळवताना

मूल दत्तक घेण्यासाठी केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजेच 'कारा'कडे, नोंदणी केलेल्या नाशिकच्या कुटुंबाला मूल नाशिकमधूनच मिळेल असे नसते. प्रतीक्षा फार लांबू नये म्हणून अनेक पालक इतर राज्यांचाही पर्याय खुला ठेवतात, आणि मग ओडिशातील, झारखंडमधील किंवा पश्चिम बंगालमधील चार-सहा वर्षांचे मूल एके दिवशी आपल्या घरी येते. कागदोपत्री हे देशांतर्गत दत्तक असते. मुलाच्या बाजूने पाहिले तर मात्र त्याची भाषा, जेवण, हवा, अंथरुण आणि सभोवतालचे सगळे चेहरे एका दिवसात बदललेले असतात. भारतातून स्वीडनला किंवा इटलीला दत्तक गेलेल्या मुलाला जे सोसावे लागते, त्यातील पुष्कळसे या मुलालाही सोसावे लागते. आंतरदेशीय दत्तक मुलांविषयी गेल्या काही दशकांत जगभर जो अनुभव आणि अभ्यास जमा झाला आहे, तो आपल्याकडच्या पालकांनाही उपयोगी पडतो तो यामुळेच.

त्या सर्व अनुभवाचे सार मी पालकांना एका क्रमाच्या रूपात सांगते. पहिल्या वर्षात मुलाने एकच गोष्ट शिकायची असते : ही दोन माणसे माझी आहेत आणि ती मला सोडून जाणार नाहीत. मराठी, शाळा, वळण, नातेवाईक, सणवार हे सर्व त्यानंतर येते. हा क्रम उलटा झाला की चांगली, प्रेमळ घरेही अडचणीत येतात.

आणायला जाण्यापूर्वी

मूल ज्या विशेष दत्तक संस्थेत राहत असते, तिच्याकडून त्याचा बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो. ते दोन्ही बारकाईने वाचावेतच, पण ज्या गोष्टी अहवालात नसतात त्या मुलाला रोज सांभाळणाऱ्या ताईंना किंवा मावशींना समक्ष विचाराव्यात. मुलाला कोणत्या नावाने हाक मारतात, ते कोणाशेजारी झोपते, दिवा चालू ठेवून झोपते की बंद करून, कशाला घाबरते, आंघोळीला रडते का, त्याचा सवंगडी कोण आहे, त्याला शांत करण्यासाठी कोणते गाणे म्हणतात, हे सारे लिहून घ्यावे. संस्थेची परवानगी असेल तर त्या मावशींच्या आवाजातले गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि त्यांच्यासोबत मुलाचा एक फोटो काढावा.

मुलाचे वापरातले पांघरुण किंवा एखादा जुना कपडा मागून आणावा आणि तो लगेच धुवायला टाकू नये, कारण ओळखीचा वास हाच त्या दिवसांतला त्याचा एकमेव जुना सोबती असतो. आपल्याकडे बाहेरून आलेली वस्तू आधी धुण्याची शिस्त असते, त्यामुळे ही सूचना घरातील सर्वांना अगोदरच देऊन ठेवावी लागते.

आपले, घराचे, घरातल्या माणसांचे फोटो असलेली छोटी चित्रवही आधीच संस्थेकडे पाठवता आली तर फार उत्तम. पाच वर्षांवरील मुलाची संमती घेणे नियमानेच आवश्यक आहे, पण ती संमती खरी ठरायची तर आपण कुठे आणि कोणाकडे जाणार आहोत हे मुलाने आधी डोळ्यांनी पाहिलेले असावे. शक्य असल्यास संस्थेच्या गावी दोन-तीन दिवस मुक्काम करून रोज थोडा वेळ मुलाबरोबर घालवावा. पहिल्याच भेटीत त्याला उचलून परतीच्या प्रवासाला लागू नये. हावड्याहून मुंबईकडे येणाऱ्या काही गाड्या नाशिकरोडला थांबतात. एवढा लांबचा रेल्वेप्रवास थकवणारा असला, तरी मोठ्या मुलाला आपण किती दूर आलो हे हळूहळू उमगू देणारा असतो, म्हणून मला तो विमानापेक्षा बरा वाटतो.

पहिले काही आठवडे : घर लहान ठेवा

मूल घरी आले की आपल्याकडे साहजिकच माणसे जमतात. आत्या पेढे घेऊन येते, शेजारच्या काकू औक्षणाचे ताट आणतात, बारसे कधी, सत्यनारायण कधी, याची विचारणा सुरू होते. या सर्वांच्या मनात मायाच असते. पण ज्या मुलाच्या आयुष्यात आजवर माणसे येत आणि जात राहिली आहेत, त्याला या गर्दीतून आपली माणसे कोणती आणि पाहुणे कोणते हे निवडता येत नाही. म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे समारंभ ठेवू नयेत, भेटायला येणाऱ्यांना थोडे थांबायला सांगावे, आणि बारसे करायचेच असेल तर ते मूल घरात स्थिरावल्यावर, मोजक्या माणसांत करावे.

या काळात मुलाला भरवणे, आंघोळ घालणे, लागले-खुपले तर जवळ घेणे आणि झोपवणे ही चार कामे फक्त आईने आणि वडिलांनी करावीत. आजी-आजोबांना ही गोष्ट लागते, आणि लागणारच. ज्या नातवंडाची त्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली त्याला घास भरवायचा नाही हे त्यांना सहज कसे पटावे? त्यांना कारण नीट समजावून सांगावे, हे बंधन कायमचे नाही हेही सांगावे, आणि त्यांच्याकडे दुसरे खरे काम सोपवावे. आजीने गरम पोळ्या कराव्यात, आजोबांनी बाजारहाट आणि बँकेची कामे उरकावीत, म्हणजे आई-वडिलांना मुलाजवळ बसायला वेळ मिळतो. आजीच्या मदतीची खरी गरज या दिवसांत तिथेच असते.

येथे एक धोक्याची खूण सांगणे आवश्यक आहे. संस्थेत वाढलेले मूल पुष्कळदा दारात आलेल्या कोणाच्याही कडेवर जाते, कोणाचाही हात धरून चालू लागते, आणि लोक म्हणतात, 'किती लाघवी आहे, लगेच रुळले!' तो रुळल्याचा पुरावा नव्हे. कोणीही मोठे माणूस चालेल, कारण कोणतेही एक माणूस आपले नाही, असा त्याचा अनुभव असतो. अशा वेळी पाहुण्याने मुलाला न उचलता हसून आई-वडिलांकडे वळवावे, इतके प्रत्येकाला सांगून ठेवावे. उलट काही महिन्यांनी हेच मूल अनोळखी माणूस दिसताच आईच्या मागे लपू लागले, तर घरच्यांनी त्याला 'लाजाळू झाला' म्हणून टोकू नये. ती चांगली बातमी असते.

वडिलांनीही सुट्टी घ्यावी. अनेक मुलांना संस्थेत सांभाळणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात, त्यामुळे पुरुषाचा आवाज, दाढी, उंची यांची भीती वाटू शकते आणि मूल वडिलांना जवळ येऊ देत नाही. कधी याच्या नेमके उलट होऊन ते आईलाच झिडकारते, कारण आधीच्या मावशींची जागा तिने घेतलेली असते. झिडकारल्या गेलेल्या पालकाने मागे हटू नये आणि बळजबरीही करू नये. रोज ठरलेल्या वेळी त्याने मुलाशेजारी बसावे, फळ कापून द्यावे, केस विंचरावेत, आणि दुसऱ्या पालकाने त्या वेळी मुद्दाम खोलीबाहेर जावे.

ताट

जेवणावर सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण मुलाचा विश्वास पहिल्यांदा ताटावरच बसतो किंवा उडतो. पूर्व भारतातून आलेल्या मुलाचे जेवण म्हणजे भात. त्याला पहिल्या दिवसापासून पोळी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी देऊन 'आपल्याकडे असेच खातात' असे सांगण्यात काही शहाणपण नाही. पहिले काही महिने प्रत्येक जेवणात मऊ भात असावा. ओडिशातील मुलासाठी भाज्या घातलेली डाळ, म्हणजे तिकडचा डालमा, शिकून घ्यावा. घरात चालत असेल तर मासे करावेत. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा खूप नंतरही खाता येतो. पोळी ताटात एका कडेला ठेवावी, आग्रह करू नये. मूल आपणहून तिच्याकडे वळते.

अन्न पुरेल की नाही याची चिंता लहानपणीच लागलेली मुले खूप खातात, भराभर खातात, आणि अन्न लपवतात. उशीखाली पोळीचा तुकडा किंवा कपाटात वास मारणारा लाडू सापडला, तर त्याला चोरी म्हणू नये, रागावू नये आणि पाहुण्यांसमोर त्याची गंमत तर मुळीच करू नये. एक झाकणाचा डबा मुलाच्या नावाने, त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवावा, त्यात केळे, चुरमुरे, राजगिऱ्याची चिक्की असे काही असावे आणि तो त्याच्या देखत रोज भरावा. डबा रिकामा होत नाही ही खात्री पटली की लपवणे बहुधा आपोआप थांबते, पण त्याला महिने लागू शकतात. 'ताट साफ केल्याशिवाय उठायचे नाही' आणि 'आता काही मिळणार नाही, जेवणाची वेळ झाली नाही' हे दोन्ही नियम या वर्षापुरते घरातून काढून टाकावेत.

झोप

झोपेच्या बाबतीत आपली पद्धत उपयोगाची आहे. मुलासाठी वेगळी खोली सजवलेली असली तरी पहिले वर्ष त्याला आपल्याच खोलीत, हात लावता येईल इतक्या अंतरावर झोपवावे. संस्थेत एका दालनात अनेक मुले झोपतात, म्हणून बंद खोलीतील शांतता त्याला सुखाची न वाटता भयाण वाटते. मंद दिवा असावा. मध्यरात्री किंचाळून उठले तर प्रश्न विचारू नयेत, फक्त जवळ बसावे. अंथरुण ओले होणे, अंगठा चोखणे, लहान बाळासारखे बोलणे सुरू झाले तरी घाबरू नये. जे लाड वेळेवर मिळाले नाहीत ते मूल आता मागून घेत असते.

भाषा

दत्तक मुलांची पहिली भाषा फार वेगाने मागे पडते, विशेषतः ती बोलणारे घरात कोणीच नसेल तर. चीनमधून लहानपणी कॅनडातील फ्रेंचभाषक कुटुंबांत दत्तक गेलेल्या मुलींचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलींना चिनी भाषा मुळीच आठवत नव्हती, तरीही चिनी स्वर ऐकताना त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांच्या मेंदूसारखाच प्रतिसाद देत होता. म्हणजे वरून पुसले गेले तरी आत काहीतरी टिकते. म्हणून 'आता फक्त मराठी' असा हुकूम काढू नये. भूक, पाणी, शू, दुखते, भीती वाटते, थांब, मी इथेच आहे, एवढे शब्द आई-वडिलांनीच मुलाच्या भाषेत शिकून घ्यावेत. नोकरीनिमित्त नाशिकमध्ये स्थायिक झालेली बंगाली आणि उडिया कुटुंबे शोधली तर सापडतात. मूल स्थिरावल्यावर अशा एखाद्या कुटुंबाशी अधूनमधून भेट ठेवावी. मात्र पहिल्या आठवड्यातच अशी भेट घडवली, तर आपण परत निघालो असे मुलाला वाटू शकते.

रोजचे बोलणे लवकर येते आणि त्यामुळे फसगत होते. सहा महिन्यांत मूल बागेत भांडण्याइतके मराठी बोलू लागते, पण मनातली भीती सांगण्याइतकी किंवा वर्गातले गणित समजण्याइतकी भाषा यायला बराच काळ लागतो. नावाबद्दल माझे मत ठाम आहे : ज्या मुलाला आपले नाव कळते, त्याचे नाव बदलू नये. फारच वाटले तर घरचे नाव जोडून घ्यावे, मूळ नाव पुसू नये.

पाहुणेपणा संपल्यावर

पहिले काही आठवडे अनेक मुले अतिशय शहाण्यासारखी वागतात. ताट उचलून ठेवतात, सांगितलेले ऐकतात, रडत नाहीत. पालक निश्चिंत होतात आणि मग एक दिवस चपलेच्या पट्ट्यासारख्या क्षुल्लक कारणावरून मूल तासभर जमिनीवर लोळते, चावते, वस्तू फेकते. त्याला आता इतका धीर आलेला असतो की तो विचारू पाहतो : मी वाईट वागलो तरी तुम्ही राहाल का? त्याला शब्दांत उत्तर देऊन उपयोग नाही. त्याच्याजवळ, त्याच्याच उंचीवर, जमिनीवर बसावे. आवाज खालचा आणि शब्द थोडे ठेवावेत. इजा होईल अशा वस्तू बाजूला कराव्यात. एकट्याला खोलीत कोंडू नये, हात उगारू नये. वादळ शमल्यावर पाणी द्यावे, जवळ घ्यावे आणि उपदेश करू नये.

आपल्या घरांतून सहज बोलली जाणारी काही वाक्ये या मुलाच्या कानावर चुकूनही पडू नयेत. 'ऐकत नाहीस तर परत पाठवीन', 'होस्टेलला टाकीन', 'पोलीस घेऊन जाईल' ही धमकी इतर मुलांना पोकळ वाटत असेल. या मुलाने ती प्रत्यक्षात अनुभवलेली असते. 'तुला बोहारणीकडून घेतलंय' ही घरोघरची थट्टा कोणी मामा-काका करणार असेल, तर त्याला आधीच बाजूला घेऊन स्पष्ट शब्दांत मना करावी. घरात मोठे भावंड असेल तर त्याच्याबरोबर रोज थोडा वेळ आईने किंवा वडिलांनी एकटे घालवावा, आणि त्याला धाकट्याचा राखणदार किंवा दुभाषी करू नये.

आई-वडिलांच्या मनाचेही बोलले पाहिजे. इतकी वर्षे वाट पाहून मूल आले आणि तरीही आतून माया दाटून येत नाही, थकवा आणि उदासी मात्र दाटते, असे दत्तक घेणाऱ्या पुष्कळ पालकांना होते. ते कोणाचेच पाप नाही. रोजची निगा राखत राहिल्याने माया हळूहळू मुरते. उदासी काही आठवडे हटली नाही तर डॉक्टरांकडे जावे.

शरीर, हवा आणि गोंगाट

पहिल्या महिन्यात बालरोगतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी : रक्त, शौच, थायरॉइड, क्षयरोग, कावीळ ब, एचआयव्ही, डोळे, दात आणि कान. कान विशेष महत्त्वाचे, कारण ऐकू कमी येत असेल तर ते 'नवी भाषा आहे म्हणून उत्तर देत नाही' या समजाखाली दबून जाते. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करावी. लसीकरणाची नोंद अपुरी असेल तर कोणत्या लसी पुन्हा द्यायच्या ते डॉक्टर ठरवतात. नोंदवलेली जन्मतारीख अनेकदा अंदाजाने ठरवलेली असते, हे शाळेच्या आणि वाढीच्या अपेक्षा बाळगताना लक्षात ठेवावे. मुलींच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट : भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या अभ्यासात, कुपोषणानंतर झपाट्याने वाढ झालेल्या मुलींना पाळी लवकर आल्याचे दिसले आहे. त्यामुळे दर सहा महिन्यांनी उंची-वजनाची नोंद ठेवावी आणि लवकर बदल दिसू लागले तर डॉक्टरांना विचारावे.

किनारपट्टीच्या दमट हवेत वाढलेल्या मुलाला नाशिकचा डिसेंबर-जानेवारी कडक वाटतो. मोजे, कानटोपी आणि अंगाला तेल यांची सोय आधी करावी. गोंगाटाबद्दल मी पालकांना आवर्जून सांगते. गणपती विसर्जनाचा नाशिक ढोल, धुळवडीची वीरांची मिरवणूक, रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडींत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांत, धपाधप पडणाऱ्या उड्या, हे सर्व आपल्याला प्रिय आहे, पण नव्या मुलाला त्यातले काहीच ओळखीचे नसते. पहिल्या वर्षी हे सण घरात, लहान प्रमाणात साजरे करावेत. सिंहस्थाच्या पर्वकाळात तर अशा मुलाला रामकुंडाच्या बाजूला मुळीच नेऊ नये. भाषा न येणारे मूल त्या गर्दीत हात सुटून हरवले, तर त्याला घरचा पत्ताही सांगता येणार नाही. बाहेर न्यायचेच तर सकाळच्या वेळी सोमेश्वरला किंवा पांडवलेण्यांच्या पायथ्याशी न्यावे, आणि पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी न्यावे.

शाळा

सहा वर्षांखालील मुलाला शाळेत घालण्याची घाई करू नये. जूनचा मुहूर्त चुकला तरी बिघडत नाही. सहा वर्षांवरील मुलाला शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा अधिकार आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्यातील शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा पहिल्या वर्षी त्या विषयात गुणांचा आग्रह धरू नये अशी विनंती मुख्याध्यापकांना करावी. सुरुवातीला एक-दोन तासच शाळा, आणि घ्यायला येण्याची वेळ काटेकोर. दहा मिनिटांचा उशीर या मुलासाठी साधा उशीर नसतो. वर्गशिक्षकांना दत्तकाची गोष्ट गरजेपुरतीच सांगावी. 'आपला वंशवृक्ष काढा', 'बाळपणीचा फोटो आणा' असा गृहपाठ येणार असेल तर तो आधी कळवावा, एवढे मात्र त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

खरे सांगणे

'दत्तक' हा शब्द घरात पहिल्या दिवसापासून सहज वापरात असावा. मोठ्या मुलाला तर सगळे आठवतच असते. त्याच्या आठवणींना 'ते विसर आता' म्हणू नये. जन्मदात्या आईबद्दल 'टाकून दिले' असे कधीही बोलू नये. त्याचप्रमाणे 'तिचे तुझ्यावर खूप प्रेम होते म्हणून तिने तुला दिले' हेही सांगू नये, कारण त्यातून प्रेम करणारी माणसे मुलाला देऊन टाकतात असा अर्थ निघतो, आणि आता प्रेम करणारे तुम्ही आहात. माहीत आहे तेवढे सांगावे. जे माहीत नाही ते आपल्यालाही माहीत नाही, असे सांगावे.

'केवढे पुण्याचे काम केलेत' आणि 'नशीब काढलेस हो पोरा' ही दोन वाक्ये चांगल्या मनाने उच्चारली जातात, पण त्यांचे ओझे मुलाच्या डोक्यावर बसते. त्यावर 'नशीब आमचे' एवढे म्हणून विषय बदलावा. कुठून आणले, खरे आई-वडील कोण, अशा चौकशांना 'ही आमची मुलगी आहे, बाकीचे सांगायचे की नाही ते मोठेपणी ती ठरवेल' हे उत्तर पुरेसे आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही मुलाच्या फोटोबरोबर त्याची पूर्वकथा टाकू नये. संस्थेने दिलेले सर्व कागद, मावशींचा फोटो, पांघरुण हे एका पेटीत जपून ठेवावे. अठरा वर्षांनंतर मुलाला स्वतःच्या मुळांची माहिती मागण्याचा अर्ज स्वतः करता येतो, त्याआधी पालकांसोबत करता येतो, आणि तेव्हा हे कागद कामी येतात.

मदत कधी आणि कोणाकडे

मूल ताब्यात आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल तयार होतो. परदेशी गेलेल्या मुलांसाठी तो पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी असतो. गृहभेटीला येणाऱ्या समाजसेविकेला घर लख्ख आवरून 'सगळे छान आहे' असे सांगण्याकडे पालकांचा कल असतो, कारण आपली परीक्षा होत आहे असे त्यांना वाटते. तसे करू नये. चावणे, न झोपणे, आईजवळ न येणे, शाळेतून आलेल्या तक्रारी, आपला स्वतःचा वैताग, जे असेल ते तिला नावानिशी सांगावे. नाशिकमध्ये घारपुरे घाटावरील आधाराश्रमासारखी जुनी संस्था आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, बालमानसोपचारतज्ज्ञ आहेत. मूल स्वतःला इजा करत असेल, महिनोन्महिने कोणाशीच जवळीक करत नसेल, मिळवलेली कौशल्ये गमावत असेल, किंवा 'हे आपल्याला झेपणार नाही' असा विचार तुमच्या मनात एकदा जरी येऊन गेला असेल, तर पुढच्या गृहभेटीची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात फोन करा, आणि शक्य असेल तर आई-वडील दोघेही जा.